हातोडीच्या पोटातले छर्रे

मागच्या आठवड्यात शेठजींनी दुकानदाराचं बिल हातात धरून मला ऑफिसात बोलावलं. चष्मा कपाळावर चढवलेला, बोट एका ओळीवर टेकवलेलं.

"मिस्त्री, एका हातोडीले साडेबाराशे रुपये? चांदीची आहे का जी?"

"नाही जी. प्लास्टिकची आहे," मी म्हणालो, आणि तिथंच माझी बाजू पडली. मुनीमजी वहीत तोंड खुपसून हसायला लागले. चांगली पोलादी हातोडी चारशेला मिळते हे शेठजींना माहीत आहे. त्यांच्या वडिलांच्या काळातली एक अजून स्टोअरमध्ये लटकलेली आहे. मग पुढचा अर्धा तास मी त्यांना हातोडी समजावून सांगितली. वणीकडचा एक फिटर मित्रही फोनवर हेच विचारत होता, की आपल्या कामाला ठिणगी न पाडणारी डेड ब्लो हातोडी, म्हणजे ठोका मारल्यावर न उसळणारी, घ्यायची तर कोणती घ्यावी. दोघांना सांगितलं ते एकदाचं लिहूनच काढतो.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर आहे. कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या चोवीस डबल रोलर जिन, रुईच्या गाठी बांधणारी एक प्रेस, आणि या कामातली एकोणीस वर्षं. दसरा-दिवाळीपासून कापूस येतो, मार्च-एप्रिलपर्यंत जिन चालते, आणि मग उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली आम्ही सगळ्या मशिनी उघडून बसतो. रोलरचं चामडं, फिक्स नाइफ, मूव्हिंग नाइफ (एक स्थिर पातं, एक हलतं), बेअरिंग, पुल्ली, एकेक उतरवायचं आणि पुन्हा बसवायचं. बसवायचं म्हणजे ठोकायचं. कितीही मोजूनमापून केलेलं असो, शेवटचा अर्धा मिलिमीटर हातोडीनंच सरकतो.

उन्हाळ्यात शेड झाडलेली असते, तेव्हा हातोडी कोणतीही चालते. भानगड सीझनमध्ये आहे. जिन चालू असली की रुई नुसती जमिनीवर नसते, ती हवेत असते. पत्र्याला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्यांवर, वायरींवर, ट्यूबलाइटवर, आपल्या भुवयांवर. चारच्या चहात सुद्धा असते. अशा वेळी सात नंबरच्या जिनची नाइफ अडकली की शिफ्टचा मुकादम ओरडतो, आणि हेल्परच्या हाताला जे लागेल ते तो उचलतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जिनात होतो. नाव सांगत नाही, माणसं चांगली होती. जानेवारीची रात्र, दुसरी पाळी. एका पोराने गंजलेल्या अँगलवर पोलादी हातोडीने चारपाच ठोके घातले. मी पंधरा फुटांवर होतो. चौथ्या की पाचव्या ठोक्याला एक लाल टिंब उडालेलं मी पाहिलं, विडीचं टोक फेकल्यासारखं. त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येत नाही, कारण आग पेटताना दिसलीच नाही. कैचीवर साचलेल्या रुईवरून एक निळसर रेघ पळत गेली आणि रुईच्या बेल्टवर उतरली. वाळू, पाणी, बादल्या, सगळं झालं. वीस मिनिटांत विझली. ठिणगीनेच लागली असं मी शपथेवर सांगणार नाही. शाफ्टला गुंडाळलेली रुई घासून तापते आणि तीही पेट घेते, कापसातला खडा नाइफवर आपटतो त्यानेही होतं. पण ते टिंब मी पाहिलंय.

खरा त्रास नंतर झाला. त्या वेळी प्रेसमध्ये गेलेल्या अकरा गाठी आम्ही उघड्या पटांगणात, एकमेकींपासून लांब नेऊन ठेवल्या. १७० किलोची घट्ट दाबलेली गाठ, तिच्या पोटात एखादा निखारा गेला असेल तर वरून काहीच कळत नाही. पाणी मारलं तरी कापसाच्या तंतूवर मेण असतं, पाणी वरच्यावर घरंगळतं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी चौकीदार चहा घेऊन गेला तर एका गाठीच्या कोपऱ्यातून उदबत्तीएवढा धूर निघत होता. एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. कोणाच्या तरी दोन एकरांचं पीक असेल ते, हिशोब करत मी तिथं उभा होतो.

ठिणगी म्हणजे काय हे मला वस्तादांनी ग्राइंडरवर दाखवलं होतं. पोलाद गंजलेल्या लोखंडावर आपटलं की लोखंडाचा अगदी बारीक कण सुटतो, सुटताना तापतो, आणि हवेत जळत जातो. जळतं ते लोखंडच. तांब्या-पितळेचा कण सुटला तरी तसा जळत नाही, धातू मऊ असतो आणि उष्णता चटकन पसरवून टाकतो. म्हणून जिथं बारूद, गॅस, पेट्रोलची वाफ असते तिथं तांब्याच्या मिश्रधातूंची हत्यारं वापरतात. भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले आमच्या गावचे एक काका आहेत. पारावर बसले की ते अजून खिशातली काडेपेटी चाचपून बघतात आणि मग स्वतःच हसतात. इतकी वर्षं गेटवर ती काढून ठेवायची सवय.

तर मीही पितळेकडेच गेलो. पितळी हातोडीचं एक आहे, ती दोन महिन्यांत म्हातारी होते. तोंडाच्या कडा फुलतात, फुललेल्या कडांचे तुकडे पडतात. आणि मऊ असल्यामुळे लोखंडाचे बारीक कण तिच्या तोंडात रुतून बसतात. एकदा भिंगाखाली बघा, पितळेच्या पिवळ्या तोंडावर काळे ठिपके दिसतील. मग ती हातोडी पितळेची राहिली कुठं? वर पितळ, ठोका लोखंडाचा. पितळी हातोडी वापरायची तर दर आठवड्याला तोंड कानसून साफ करा, आणि त्यासाठी वेगळी कानस ठेवा. लोखंडावर घासलेली कानस तिला लावली तर कण पुन्हा तिथंच.

ॲल्युमिनियम ब्राँझ जास्त कडक, जास्त टिकतो. बेरिलियम कॉपर त्याहून कडक, पण महाग, आणि त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट. ते ग्राइंडरवर अजिबात धरायचं नाही. आमच्या शेडमध्ये जे हत्यार येतं ते कधी ना कधी कोणी तरी ग्राइंडरवर धरतंच, म्हणून मी ते विचारातच घेतलं नाही.

आणि कोणी हलकी म्हणून ॲल्युमिनियमची हातोडी सुचवली तर हात जोडा. ॲल्युमिनियम लोखंड नाही, त्यामुळे ठिणगी पडणार नाही असं वाटतं. पण गंजलेल्या लोखंडावर ॲल्युमिनियम जोरात आपटलं तर पोलादापेक्षा वाईट ठिणगी पडू शकते. वर्धा-बल्लारशा लाइनवर गँगवाले रूळ जोडताना तुम्ही पाहिलं असेल, कुंडीतून पांढरा उजेड निघतो आणि लोखंड वितळून खाली उतरतं. त्या कुंडीत ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा ऑक्साइड असतो, म्हणजे आपला गंजच. तीच जोडी हातोडी आणि अँगलमध्ये जमवायची कशाला?

इथपर्यंत ठिणगीचं झालं. पण मला डेड ब्लोकडे ठिणगीने नेलं नाही, वस्तादांच्या शिव्यांनी नेलं. पितळेच्या आधी मी रबरी हातोडी वापरायचो. रबराची ठिणगी पडत नाही, खरं आहे. पण ठोका मारला की ती परत उडी मारते. बेअरिंग हाउसिंगवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या घरावर, एक मारलेला ठोका माझ्या कपाळाला परत आला होता, खूण अजून आहे. आणि ज्याच्यावर मारला ते हाउसिंग जागचं हललं नव्हतं.

"कायले दहा डाव ठोकून रायला बे?" वस्ताद म्हणाले. "एका डावात बसव नं."

"हातोडीच नाचते वस्ताद."

"हातोडी नाचते म्हणजे अर्धा जोर तुह्याकडंच वापस येऊन रायला. मशीनले काय भेटलं?"

ते मला लागलं. ठोका जितका परत येतो तितके ठोके जास्त मारावे लागतात, आणि रुई उडत असताना प्रत्येक जास्तीचा ठोका ही एक जास्तीची चिठ्ठी आहे, कधी आपलं नाव निघेल सांगता येत नाही. तेव्हापासून हातोडी बघताना माझा पहिला प्रश्न "ठिणगी पडते का" हा राहिला नाही. किती ठोक्यांत काम होतं, हा झाला.

डेड ब्लोचं डोकं आतून पोकळ असतं, आणि त्या पोकळीत लोखंडाचे किंवा शिशाचे छर्रे असतात. पूर्ण भरलेले नाही, हलायला जागा ठेवून. ठोका बसला की डोकं थांबतं, छर्रे थांबत नाहीत. डोकं मागे उडायच्या बेतात असतं तेवढ्यात ते मागून येऊन पुढच्या भिंतीवर आदळतात आणि डोक्याला आहे तिथंच दाबून धरतात. शेठजींना मी सरकीच्या पोत्याचं उदाहरण दिलं. अर्धवट भरलेलं सरकीचं पोतं गाडीवरून खाली टाका, धप्प करून बसतं, उसळत नाही. तेच हवा भरलेल्या ट्यूबचं करून बघा. शेठजी म्हणाले, "पोतं समजलं. पण पोतं साडेबाराशेचं नसते."

चांगल्या डेड ब्लोचा ठोका कानाला कळतो. पोलादी हातोडीचा आवाज टण्ण असा वर जातो. हिचा "थप्" आणि त्याच्यामागे लगेच छर्‍यांचा "खस्", वाळूची टोपली ठेवल्यासारखा. मनगटाला झटका नाही. आज पंचेचाळिशीत ही गोष्ट मला ठिणगीइतकीच महत्त्वाची वाटते, पण हे शेठजींना सांगितलं नाही.

मी एकदम शहाणा झालो असं नाही. मध्ये दोन गाढवपणे केले.

पहिला ऑनलाइन. चित्रात काळीकुळकुळीत हातोडी, खाली "डेड ब्लो" लिहिलेलं, किंमत सातशे. मागवली. आली ती पोलादी तोंडाची. पोटात छर्रे होते, उसळत नव्हती, सगळं बरोबर. पण डेड ब्लो आणि ठिणगी न पाडणारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पोलादी तोंडाच्या डेड ब्लो हातोड्या मिळतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. चूक विकणाऱ्याची नाही, त्याने काही खोटं लिहिलं नव्हतं. ती आता उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या कामाला वापरतो, झकास चालते.

दुसरा गाढवपणा मोठा. मला वाटलं, विकत कशाला घ्यायची, आपणच करू. पन्नास मिलिमीटरचा पितळी राउंड बार घेतला, लेथवाल्याकडून आतून पोकळ करून घेतला, सायकलच्या हबचे छर्रे भरले, आणि मागून आट्याचं पितळी बूच बसवलं. दांडा बाभळीचा. काय देखणी झाली होती! वस्तादांनी हातात घेऊन दोनदा हलवली आणि फक्त "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ मला तीन आठवड्यांनी कळला.

दर ठोक्याला आत छर्रे आपटत होते, आणि ते आपटणं बुचाचे आटे कणाकणानं सैल करत होतं. एका दुपारी अकरा नंबरवर काम करताना हातोडी अचानक हलकी वाटली. बघतो तर बूच अर्धं बाहेर. मोजून अठरा छर्रे भरले होते, आत सोळा निघाले. सहा मिलिमीटरचे दोन पोलादी गोळे कापसात गेले होते. पुढं रोलर आणि नाइफ. म्हणजे ठिणगी टाळायला केलेल्या हातोडीनं ठिणगीचं बी कापसात पेरलं होतं.

मी स्वतः जाऊन मेन स्विच पाडला. अख्खी लाइन बंद. जुन्या स्पीकरचं चुंबक बांबूला बांधलं आणि चार तास चौघंजण कापूस चाळत बसलो. एक छर्रा जिनच्या पायाशी सापडला. दुसरा बेल्टच्या कडेला, एका नटाला चिकटून. मुकादम चार तास माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

तर मित्रा, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. "नॉन-स्पार्किंग" हा शब्द छापलेला आहे का हे मी शेवटी बघतो. आधी बघतो की या हातोडीतून लोखंड बाहेर येऊ शकतं का. बूच नको, आटे नकोत, डोकं आणि दांडा जोडणारी पाचर नको. डोक्यापासून मुठीपर्यंत एकसंध पॉलियुरेथेनचं आवरण हवं. आत पोलादाचा सांगाडा आणि दांड्यात पोलादी सळई असते, असू दे, पण ती कुठंच उघडी नको. आवरणावरची साच्याची रेघ नखानं चाचपायची. नख अडकलं, फट लागली, तर परत ठेवायची. डोकं आणि दांडा मिळतो तिथं वाकवून बघायचं, कारण चीर पहिल्यांदा तिथंच पडते.

मग दुकानात हातभर उंचीवरून काँक्रीटवर सोडायची. दुकानदार ओरडतो, ओरडू दे. चांगली असेल तर पडल्या जागी बसते. उसळली तर पोटात काही नाही, किंवा नको तितकं ठासून भरलंय. कानाशी हलवली की आवाज मोकळा यायला हवा. मी एक अशीही पाहिली आहे जिच्या पोटात नुसती ओलसर वाळू होती, गठ्ठा होऊन एका बाजूला बसलेली.

वजन दोन पौंड घे. नाइफच्या सेटिंगला, हाउसिंगला, शाफ्ट-पुल्लीमधली चावी बसवायला तेच हातात बसतं. एक पौंडाची नाजूक आहे, पुल्लीला पुरत नाही. पुल्लीसाठी चार पौंडाची आमच्याकडं एकच आहे आणि ती चोवीस जिनना पुरते. एक लक्षात ठेव, दोन पौंड म्हणजे ९०७ ग्रॅम, पण काही जण नुसत्या डोक्याचं वजन लिहितात, काही अख्ख्या हातोडीचं.

रंग हसण्यावारी नेऊ नको. नायलॉनच्या तोंडाची एक पांढरी हातोडी आमच्याकडं होती, चांगली होती बिचारी. रुईच्या ढिगाशेजारी ठेवली आणि दिसेनाशी झाली. नशीब, प्रेसमध्ये जायच्या आधी एका बाईच्या पायाला लागली. तेव्हापासून फक्त नारिंगी. पांढऱ्यात नारिंगी रात्रीसुद्धा ओरडतं.

आता हिचे नखरे. नाइफच्या धारेवर मारली की कापते, म्हणून मध्ये सागवानी ठोकळा धरायचा. गरम कामाला चालत नाही. बेअरिंग तेलात तापवून बसवतो तेव्हा मी पितळी हातोडी आणि पितळी सळईच घेतो, पॉलियुरेथेन नरम पडतं आणि तोंडावर ठसे उमटतात. (आणि बेअरिंगवर थेट हातोडी मारणाऱ्याशी मी बोलत नाही, हातोडी कुठलीही असो. शाफ्टवर बसवताना मध्ये पाइप, आणि तो आतल्या रिंगवर.) मे महिन्यात पत्र्याजवळ लटकवू नको. उष्णता आणि मग पावसाळ्याची दमट हवा, यात आवरण चारपाच वर्षांत चिकट होऊन तडकायला लागतं. जिथं गॅस किंवा पेट्रोलची वाफ असेल, तिथं प्लास्टिकवर साचणारी स्थिर वीज हा वेगळा धोका असतो. तिथं तांब्याच्या मिश्रधातूकडं जावं लागेल. तुझ्या-माझ्या रुईत मी पॉलियुरेथेनच वापरतो.

आणि हातोडी कितीही शहाणी असली तरी पहिलं काम मशीन बंद करून जागा झाडायचं. आमच्याकडं नियम आहे, झाडू मारल्याशिवाय हातोडी पेटीतून निघत नाही. पेटीची किल्ली माझ्या करगोट्याला. पोट्टे मागून हसतात.

एवढं सगळं ऐकून शेठजी म्हणाले, "पण जुनी होती ना तुमच्याकडं? नारिंगीच होती."

होती. ती का बदलली हेच सांगायचं होतं. पितळी हातोडीचा तो प्रकार झाल्यापासून मी एक करतो. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजतो तेव्हा, हळदकुंकू लावायच्या आधी, प्रत्येक डेड ब्लो किराणा दुकानाच्या काट्यावर नेऊन तोलतो आणि वजन स्टोअरच्या दारामागं खडूनं लिहितो. सीझन संपल्यावर पुन्हा तोलतो. किराणावाला आता काही विचारत नाही, नुसता काटा पुढं सरकवतो. मागच्या खंडेनवमीला जुनीचं वजन ११४० ग्रॅम होतं. या मे महिन्यात ११२२ भरलं.

अठरा ग्रॅम. तोंड घासून तेवढं जाऊ शकतं, कडा चांगल्याच गोल झाल्या होत्या. पण दांड्याच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसली. वाकवलं की तोंड उघडायची, सोडलं की मिटायची. हॅकसॉनं उभी चिरली. आत ज्वारीच्या दाण्याएवढे छर्रे, तेलकट, काळे पडलेले, आणि सांगाड्याच्या एका कोपऱ्यातून त्या चिरेपर्यंत वाट झालेली. म्हणून नवी आणली.

शेठजी गप्प बसले. चष्मा खाली घेतला, बिलावर सही केली. मग म्हणाले, "मिस्त्री, ते अठरा ग्रॅम गेले कुठं?"

मुनीमजींचं हसणं थांबलं होतं. गाठी तर केव्हाच विकल्या गेल्या.

त्या दिवसापासून सकाळी दोन तास मी आणि एक हेल्पर बांबूला बांधलेलं तेच जुनं चुंबक घेऊन शेडमध्ये फिरतो आहोत. जिनच्या पायाशी, बेल्टच्या खाली, नालीत. भरपूर खिळे निघाले, एक विळ्याचं टोक निघालं, पायलीभर वॉशर निघाले असतील. छर्रे आतापर्यंत अकरा. काट्यावर टाकले तर चार ग्रॅमसुद्धा जेमतेम भरले. तेरा नंबरपासून पुढची बाजू अजून राहिली आहे, ती उद्या.